पांढरे हातमोजे

गावच्या प्रदर्शनात गोधड्यांना हात लावायचा तो फक्त पांढरे हातमोजे घातलेल्या बाईने. यंदा ते काम थेल्माकडे होतं. पहिलं बक्षीस मात्र तिच्याच हाताखाली शिकलेल्या ब्रायनीने पटकावलं: राखाडी षटकोनी तुकड्यांच्या गोधडीत एकच पिवळाजर्द तुकडा, झाली आधुनिक कला! सकाळपासून तीच गोधडी उलटून दाखवताना थेल्माचा नुसता जळफळाट चालला होता. "ही तुम्ही शिवलीत?" लीड्सहून आलेल्या एका आजीबाईंनी विचारलं. ब्रायनी चहाला गेली होती. थेल्माच्या तोंडून निघून गेलं, "हो, मीच." आजीबाईंनी चष्मा चढवून मागचे टाके न्याहाळले. "दिसायला झकास आहे हो. पण राग मानू नका, टाके जरा ओबडधोबड आहेत. ती कोपऱ्यातली फुलाफुलांची बघा. काय हात आहे बाईचा! तिच्याकडे शिका थोडं." कोपऱ्यातली ती गोधडी थेल्माची होती. "शिकेन," ती कशीबशी म्हणाली.