जवारीचा दोरा

मिरजेच्या सर्व्हिस सेंटरमध्ये रुबियाचाचींनी आपला बंद पडलेला डावा यांत्रिक कान काउंटरवर ठेवला. चाची तंबोरे बनवायच्या. काउंटरमागच्या वैदेहीने कान तपासला.

“चाची, तुम्ही ह्याचं लॉक तोडलंय. वॉरंटी गेली. कंपनीचं सॉफ्टवेअर परत टाकू दिलंत, तर मात्र नवा कान फुकट मिळेल.”

“नको गं. ते जवारीला गोंगाट समजून पुसून टाकतं. त्यापेक्षा एका कानाने काम करीन.”

“जवारी म्हणजे?”

चाचींनी सोबतचा तंबोरा छेडला. मग घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवला आणि पुन्हा छेडला. दारातला वॉचमन, त्याचे कान जन्मापासूनचे, कामधाम सोडून आत आला.

“हा तारेचा घुमणारा झंकार म्हणजे जवारी. कळला फरक?” चाचींनी विचारलं.

वैदेहीचे दोन्ही कान कंपनीचे होते. तिला दोन्ही वेळा अगदी सारखंच ऐकू आलं होतं. तिने चाचींना पुन्हा छेडायला लावलं. पुन्हा तेच. वॉचमन मात्र डोळे मिटून उभा होता.

वैदेहीने केस मागे सारून एक कान काढला. त्याची वॉरंटी अजून शिल्लक होती. तो काउंटरवर ठेवत तिने हळूच विचारलं,

“लॉक कुणाकडून तोडून घेतलंत, चाची?”