मुलगी बघायला

हवेची बारीक फुंकर खालच्या दाताला लागली आणि खुर्चीतल्या गृहस्थांचे दोन्ही पाय जागच्या जागी आखडले. तोंडातून आवाज मात्र आला नाही.

"काका, दुखलं तर हात वर करा म्हटलं होतं मी," दातांची डॉक्टर म्हणाली.

"कुठे काय दुखलं?" काका म्हणाले. डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

तिने आरसा घालून पुन्हा नीट पाहिलं. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते आणि वरचा थर झिजून पातळ झाला होता.

"तुम्ही पोहण्याच्या तलावावर काम करता का?"

"पस्तीस वर्षं पोहायला शिकवतोय. कसं ओळखलंत?"

"पाण्यात औषध घालतात ना, ते तोंडात जाऊन जाऊन दातांची अशी अवस्था होते."

"डोळ्यांचीही होते," म्हणत काका हसले. हसताना त्यांनी तोंडावर हात धरला.

"इतके हळवे दात पांढरे करायचा हट्ट कशाला? आहेत ते काही वाईट नाहीत."

काका जरा घुटमळले. "मुलगी बघायची आहे. तिने हो म्हणायला हवं. तोंडावर हात धरून बोलणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार?"

मुलाचं लग्न काढलेलं दिसतंय, डॉक्टरच्या मनात आलं. "म्हणजे नवरा मुलगा राहिला बाजूला आणि नटताय तुम्ही," ती म्हणाली.

तिने त्यांना दोन आठवडे औषधी पेस्ट आणि मऊ ब्रश वापरायला सांगितलं. मग लेझर, तोही बेताबेताने, तीन बैठकांत. घाई केली असती तर एका दिवसात झालं असतं. पण पाय आखडून गप्प बसणारी माणसं तिला ठाऊक होती. तिचे बाबा तसेच होते. दुखणं अंगावर काढत काढत ते गेले, त्याला सहा वर्षं झाली होती.

पहिल्या बैठकीला तिने हिरड्यांवर लेप लावून त्या झाकल्या, दातांवर जेल पसरलं, काकांना काळा चष्मा घातला. मग दहा आकडे मोजेपर्यंत प्रकाश, आणि थांबायचं. पुन्हा दहा, पुन्हा थांबायचं. प्रत्येक वेळी ती मोठ्याने मोजायची, म्हणजे कळ आलीच तर कधी संपणार ते त्यांना कळावं. दुसऱ्या फेरीत काकांनी चक्क हात वर केला. तिला बरं वाटलं.

मधल्या विश्रांतीत जेल पुसलं की काका बोलायचे. घरी कोण असतं? एवढा वेळ उभं राहून पाय दुखत नाहीत का? जेवण वेळेवर होतं का? दुसऱ्या बैठकीला तर त्यांनी लग्नाचंच विचारलं. तिने उत्तर टाळलं.

ते गेल्यावर मदतनीस बाई ट्रे आवरता आवरता म्हणाली, "डॉक्टर, हे काका दात उजळायला नाही, सून बघायला येतायत. मुलगी म्हणजे तुम्हीच."

"काहीतरीच तुमचं," डॉक्टर म्हणाली. पण रात्रभर ते तिच्या डोक्यात राहिलं. माणूस चांगला होता, म्हणून जास्तच अवघड वाटत होतं.

तिसरी बैठक सकाळची होती. हिरड्यांवर लेप चढला, जेल लागलं, काकांना तोंड बंद करता येईना, तेव्हा तिने बोलून टाकलं.

"काका, स्पष्ट बोलते, रागावू नका. मला लग्न करायचं नाही, असं नाही. एकाने दोनदा विचारलंय. चांगला आहे, अजून थांबलाय. मीच नाही म्हणतेय, आईसाठी."

काकांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले.

"ती रोज सकाळी फिरायला म्हणून जाते. परत येते तेव्हा डोळे लाल असतात. विचारलं तर म्हणते, वारा लागला. सहा-सात महिने झाले, रोज कसला वारा लागतो? कुठल्या तरी बाकावर बसून एकटीच रडत असणार. घरी आली की उगाच हसतमुख असते, मला कळू नये म्हणून. तिला अशी सोडून मी कशी जाऊ?"

काकांनी हात वर केला.

"कळ आली?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. घशातून काहीतरी आवाज काढला.

"बोलू नका, जेल घशात जाईल. शेवटची फेरी आहे." तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोजायला सुरुवात केली. दहा झाल्यावर तिने सगळं पुसलं, लेप सोडवला, चूळ भरायला कोमट पाणी दिलं आणि हातात आरसा दिला.

दात काही दुधासारखे झाले नव्हते. पण पट्टे गेले होते, आणि चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसत होता. काका आरशाकडे बघून हसले. हात तोंडाकडे निघाला होता, तो त्यांनी अर्ध्यावरच थांबवला.

"दोन दिवस चहा-कॉफी बंद. गार काही नको," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाली. "आणि तुमच्या मुलाला माझ्यापेक्षा चांगली मुलगी मिळेल, बघा."

काका खुर्चीतून उतरले. शर्ट सारखा केला.

"मला मुलगा नाही, डॉक्टर," ते म्हणाले. "लग्न मला करायचंय. तुमच्या आई खाली जिन्यापाशी उभ्या आहेत, केस अजून ओलेच आहेत त्यांचे. म्हणाल्या, माझ्या मुलीचा होकार आणलात तरच मी वर येईन."