पाटी

रेल्वेच्या साहेबांनी आमच्या थांब्याची पाटी उपटून गार्डाच्या डब्यात टाकली. "एवढ्याशा वाडीसाठी गाडी थांबवणं परवडत नाही. उद्यापासून थांबा बंद."

"मग अडलेली बाई घाटाखाली न्यायची कशी?" चांगुणामावशीनं विचारलं.

"डोलीतून. पूर्वी न्यायचातच की."

मावशीची सून डोलीतच, अर्ध्या घाटात गेली होती.

वाडीपुढचा चढ उभा आहे. पावसाळ्यात रुळांवर पाला कुजतो, चाकं घसरतात, म्हणून शिट्टी ऐकली की आम्ही बायका धावत जाऊन रुळांवर वाळू टाकायचो. कुणी सांगितलं नव्हतं. गाडी आपलीच होती.

दुसऱ्या दिवशी भर पावसात आम्ही वाळूच्या पाट्या घेऊन नुसत्या उभ्या राहिलो. गाडी न थांबता पुढं गेली, चढावर चाकं जागच्या जागी फिरली, आणि ड्रायव्हरनं ती हळूहळू मागं आणून थांब्यावरच उभी केली.

साहेब खिडकीतून ओरडले, "बघत काय बसलात? वाळू टाका!"

पाटी कमरेवर सावरत मावशी म्हणाली, "टाकतो की. आधी तुमची पाटी रोवा, मग आमची रिकामी करू."