पाटलांचा समुद्र

"उतरता का पाण्यात?" तांडेलानं विचारलं, आणि उत्तर द्यायच्या आत किसनराव पाटलांनी बंडी उतरवली.

होडी मालवणच्या किनाऱ्यापासून मैल-दीड मैल आत आली होती. सकाळी सातला निघायचं, तीन बेटं पाहायची, वाटेत पोहायचं आणि जेवणवेळेला परत. तांडेलानं हा धंदा नुकताच सुरू केला होता. १९५८ साली असली हौस करणारी माणसं थोडीच. आज दोघंच होती : तेल्हाऱ्याचे किसनराव आणि अकोल्याचे मोरोपंत मास्तर.

मोरोपंतांनी वीस वर्षं भूगोल शिकवला होता. चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेली जमीन म्हणजे बेट, हे शेकडो मुलांकडून घोकून घेतलं होतं. स्वतः मात्र समुद्र पाहिला नव्हता. पाटलांचा पुतण्या शिकायला त्यांच्याकडे राहायचा, तेवढीच ओळख. पण दसरा झाला आणि पाटील एकाएकी घरी येऊन बसले.

"मास्तर, मले समुद्र पाह्याचा हाय. मालवणचा. तुमी संगं चला."

"मालवणच का? मुंबई जवळ आहे की."

"तिथलं पानी गढूळ असते म्हन्तात."

मोरोपंतांना हसू आलं. पण जायचं तर त्यांनाही होतं. दिवाळीच्या सुटीत दोघं गाडीनं मुंबईला आणि तिथून आगबोटीनं मालवणला आले. आगबोटीवर पाटील सारा वेळ ओकत होते. 'परत जाऊ' असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत.

मोरोपंतांना या माणसाची कीव यायची. चाळीस एकर काळी जमीन, आणि घरात नवरा-बायको दोघंच. एक मुलगी होती, वच्छी; ती सहा वर्षांपूर्वी गेली. काकांनी तेरावं केलं, एवढंच पुतण्यानं सांगितलं होतं. मोरोपंतांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मनावरचं ओझं कुठंतरी दूर, मोठ्या पाण्यात सोडावं म्हणून पाटील निघाले असतील, असं त्यांनी धरलं होतं.

तांडेलाकडे एक नवलाची वस्तू होती. डोळे-नाक झाकणारा रबरी मुखवटा, पुढं काच, आणि तोंडात धरायला वाकडी नळी. कुणा परदेशी खलाशानं दिलेली.

"तोंड पाण्यात घालून नुसतं पडून राहायचं," तो म्हणाला. "श्वास नळीतनं घ्या. अकोल्याच्या उन्हाळ्यापेक्षा सोपं आहे."

"तुम्ही अकोल्याला कधी होता?" मोरोपंतांनी विचारलं.

"तीन वर्षं. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर."

पाटील पाठमोरे बसून पाण्याकडे पाहत होते.

पहिलं बेट म्हणजे नुसता खडक. तिथं मुखवटा आधी मोरोपंतांनी लावला. तांडेलाचा हात घट्ट धरून त्यांनी पाण्यात तोंड घातलं. खाली निळ्या पट्ट्यांचे मासे फिरत होते, खडकावर जांभळी झुडपं हलत होती. बाहेर येताच ते ओरडले,

"पाटील, जन्माचं सार्थक झालं!"

मग पाटलांनी मुखवटा चढवला. विहिरीत पोहून तयार झालेलं अंग. ते दूरवर पोहून आले. होडीत बसल्यावरही त्यांनी मुखवटा काढला नाही.

दुसऱ्या बेटावर माड होते, आणि तांडेलाचं कौलारू घर. त्याची बायको शहाळी सोलून वाट पाहत होती. पंचविशीची, सडपातळ, कडेवर लहान मुलगी. मोरोपंत वाळूत जाऊन बसले. पाटील कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले, किनाऱ्याकडे तोंड करून.

"पाटील, या! शहाळं घ्या!"

पाटलांनी हातानंच नको म्हटलं.

ती बाई थोडा वेळ पाहत राहिली. मग मुलीला वाळूत ठेवून, शहाळं घेऊन गुडघाभर पाण्यात गेली आणि हात लांब केला. पाटलांनी पुढं येऊन ते दोन्ही हातांनी घेतलं. तोंडात नळी होती, बोलणार काय? काठावर मुलगी रडायला लागली तसे ते दचकले. बाई वळली, ओल्या निऱ्या पिळत परत आली.

"मासे पाहायचं वेड लागलंय त्यांना," मोरोपंत ओशाळून म्हणाले.

"पाहू द्या," ती म्हणाली. "एवढ्या लांबून आले."

होडी सुटताना ती काठापर्यंत आली.

"त्यांना म्हणावं, फार वेळ पाण्यात राहू नका. डावा कान ठणकतो मग."

मोरोपंत "हो" म्हणाले, आणि होडीत चढण्याच्या धांदलीत विसरून गेले.

तिसऱ्या बेटावर जायचंच राहिलं. "बस झालं," पाटील म्हणाले. "पाह्यलं." घर माडांच्या आड गेलं तेव्हा कुठं त्यांनी मुखवटा उतरवला. डोळे लालभडक झाले होते.

"खारं पानी," ते म्हणाले.

परतीला पाटलांनी मास्तरांना आग्रहानं तेल्हाऱ्याला नेलं. पाटलांच्या बायकोनं, गोदाबाईंनी, पाणी दिलं, चहा दिला आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. मोरोपंत रंगात आले होते. आगबोट, माड, निळ्या पट्ट्यांचे मासे, पाण्याखालची झुडपं, सगळं सांगत सुटले. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं, बाईंचं आपल्याकडे लक्षच नाही. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या.

"मास्तर, मासे राहू द्या," गोदाबाई म्हणाल्या. "अवो, आपली वच्छी कशी हाय?"

मोरोपंतांनी कपबशी खाली ठेवली.

"बरी हाय," पाटील म्हणाले. "वाळली थोडी. एक पोरगी हाय, तुयावानी नाकाची."

"अन् तुमाले ओयखलं तिनं?"

"नाई," पाटील म्हणाले. "तोंडावर काच होती."