थांबायची शिट्टी

मंचावर सात ढोल, दोन गिटार, एक गायिका. खाली नाचणारी चोवीस माणसं. पुण्यातल्या त्या ब्राझिलियन रेस्टॉरंटात बसल्या बसल्या कृत्तिकाने सगळं मोजून काढलं. सर्वांत मोठा ढोल तिच्या दादाचा होता.

दोन गाण्यांच्या मधे नुकत्याच श्रवणतज्ज्ञ झालेल्या कृत्तिकाने त्याला गाठलं. "दादा, कानात बोळे तरी घाल."

"डॉक्टरीणबाई, बारा वर्षं गणपतीत ढोल बडवलाय. बोळे घातले तर पथकातली पोरं मला कानटोपी घालून मिरवतील!"

पुन्हा सांबाचा ताल रंगला. वादकांचा म्होरक्या नाचत नाचत दादाच्या पाठीमागे गेला आणि त्याने थांबायची शिट्टी फुंकली, इतकी कर्कश की कृत्तिकाने कान झाकले. सगळे जागच्या जागी थबकले. दादा मात्र डोळे मिटून वाजवतच राहिला. एक, दोन, पाच, अकरा ठोके. लोकांना गंमत वाटली. त्यांनी टाळ्या पिटल्या. म्होरक्याने दादाचा खांदा हलवला तेव्हा त्याने डोळे उघडले.

"का थांबलात रे?"



सोमवारी कृत्तिकाने दादाला तपासणीच्या बंद खोलीत बसवून हेडफोन चढवले. "आवाज आला की बटण दाब." निकोप कानाला वीस डेसिबलला ऐकू येणारा उंच पट्टीचा सूर ती वाढवत गेली. तीस. चाळीस. पन्नास.

"अगं, सुरू कर ना!" दादा आतून हसत ओरडला.

साठ. सत्तर.

बटण दाबलं गेलं ते पंच्याहत्तरला.