हाडांचं इंजेक्शन

"इंजेक्शन आज देता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी रक्ताचा रिपोर्ट मुलापुढे सरकवला.

पंचाहत्तरी गाठलेली त्याची आई शेजारच्या खुर्चीत बसली होती. बाही तिने बाहेरच दुमडून ठेवली होती. गेल्या वर्षी मनगट मोडलं, तेव्हापासून वर्षातून एकदा मिळणाऱ्या या इंजेक्शनात तिचा जीव अडकला होता. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेल्या शेजारणीचे हाल तिने डोळ्यांनी पाहिले होते. मरणाला ती भीत नव्हती. दुसऱ्याच्या हातून धुऊन घ्यायला भीत होती.

"यांची किडनी फार मंदावलीय. अशात हे औषध दिलं तर ती आणखी बिघडेल. त्यात किडनी अशी झाली की हाडंही जास्त ठिसूळ होतात. म्हणजे गरज वाढलीय, आणि देता मात्र येत नाही."

"गेल्या वर्षी तर चांगली होती!" मुलगा म्हणाला.

"म्हणूनच विचारते. आजी, पाणी किती पिता?"

उत्तर मुलानेच दिलं. आईला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याला तोंडपाठ होती.

"भरपूर. रोज सकाळी दोन बाटल्या भरून उशाशी ठेवतो मी. संध्याकाळी रिकाम्या असतात. आणि एकटीने उठायचं नाही, बाथरूमला जायचं तर मला हाक मारायची, असा नियमच केलाय. वर्षात एकदाही पडू दिलं नाही तिला."

त्यात खोटं काही नव्हतं. मुलगा गुणाचा होता. कानाला हेडफोन लावून दिवसभर घरूनच काम करायचा, आणि हाक ऐकू आली की यायचा. बाटल्याही रोज रिकाम्या होत होत्या. आईच्या खिडकीतल्या कुंड्या अशा भर उन्हाळ्यात कशा तरारल्यात, एवढं मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आजी, मी तुम्हाला विचारतेय."

आईने बाही खाली ओढली. "गोळ्यांपुरतं. सकाळी दोन घोट, रात्री दोन घोट."

"अगं, मग त्या बाटल्या?"

"झाडांना घालते."

"पण का?"

"प्यायलं की उठावं लागतं रे."

"मग हाक मारायची ना! मी काय नाही म्हणालो असतो?"

"नाही कुठं म्हणालास?" आई घाईने म्हणाली. परक्या बाईसमोर तिला लेकाची बाजूच घ्यायची होती. "येत होतास की. फक्त म्हणायचास, आत्ताच तर जाऊन आलीस."



डॉक्टरीणबाईंनी स्वतः उठून ग्लासभर पाणी आणलं. "पंधरा दिवस नीट पाणी प्या. मग पुन्हा रक्त तपासू. आकडा सुधारला तर इंजेक्शनचं बघू. तोवर पडायचं नाही. घ्या, आत्तापासूनच सुरुवात करा."

आईने ग्लास दोन्ही हातांनी धरला. तिच्या घशाला कोरड पडली होती. तरी ग्लास ओठांना लावण्याआधी तिने मुलाकडे पाहिलं.

"घरी पोचायला किती वेळ लागेल रे?"