सरांची डिस्क

"डिस्क फिरतच नाही, सर. आतलं काही मिळणार नाही," वसुंधरा म्हणाली. निमकर सरांनी नऊ वर्षं जमवलेले कातकरी बोलीतले शब्द गेले होते. त्यांनी तो जुना कॉम्प्युटर तिच्या दुरुस्तीच्या दुकानातच सोडला.

महिन्याने भंगारात देण्याआधी तिने सहज दुसरा पॉवर सप्लाय जोडला, आणि डिस्क फिरू लागली. जुन्या सप्लायमधून डिस्कला वीजच पुरत नव्हती. वसुंधरा गप्प बसली असती, तरी कुणाला कळलं नसतं. पण ती सगळं पेनड्राइव्हवर उतरवून थेट सर जायचे त्या कातकरी वाडीवर गेली.

सर एका म्हातारीसमोर वही घेऊन बसले होते.

"चूक माझी होती, सर. सगळे शब्द सापडले."

सरांनी पेनड्राइव्ह घेऊन वहीशेजारी ठेवला.

"पहिल्यांदा शब्द लिहून घेऊन मी लगेच उठायचो," ते म्हणाले. "सगळं हरवलं म्हटल्यावर या आजींनी मला बसवून घेतलं. आता गाणी सांगतायत."